पायबोंबील

आमच्या घराण्याला बुटांची परंपरा नाही. वडील होडीवर अनवाणी, किनाऱ्यावर अनवाणी, आणि कुणाच्या लग्नाला जायचं असलं तर रबरी चपलेत. घरातला पहिला बूट माझ्या पायात चढला, तोही एकदाच, माझ्या स्वतःच्या लग्नात. काळा, टोकदार आणि उसना. आमचे पाय पिढ्यान्‌पिढ्या वाळूत चालून पंख्यासारखे पसरलेले. तो बूट मात्र कुणा सुरीसारख्या पायाच्या माणसासाठी शिवलेला. वरातीत तो मला असा चावला की मांडवात काढून ठेवल्यावरही मी लंगडतच होतो. सासरच्या मंडळींत आठवडाभर कुजबुज चालली, की नवऱ्याच्या पायात खोट होती ती आधी सांगितली नाही.

त्यामुळे आज मी म्हणतो की धावायचे बूट कसे धुवावेत, कसे वाळवावेत, हे आमच्या गल्लीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही, तेव्हा लोक हसतात. हसू देत. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी मी दहा दिवस लेकीच्या तोंडचं ‘तुम्ही’ ऐकलंय.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे लेकी बापाला अरे-तुरेच करतात. ‘पप्पा, तू जेवलास का’, ‘पप्पा, तू गप्प बस’. यात अपमान नाही, एका ताटात जेवल्याची खूण आहे. तिच्या तोंडून ‘तुम्ही’ निघालं की समजावं वारा फिरला, होडी आत घ्यावी. बायकोही मला तुम्हीच म्हणते, पण बायकोचं ‘तुम्ही’ सवयीचं. लेकीचं ‘तुम्ही’ शिक्षेचं.

आम्ही घरात तिघंच. बायको डहाणूच्या बाजारात मासळी विकते. मी होडीवर टिकलो नाही, मला समुद्र लागायचा. कोळ्याचा मुलगा होडीत बसून ओकतो म्हटल्यावर वडिलांनीच मला जमिनीवर हाकललं. तेव्हापासून मी अच्छाडला हायवेवर ट्रक तोलायच्या काट्यावर बसतो. रोज मोटारसायकलवरून डहाणू ते तलासरी, तलासरी ते अच्छाड, आणि परत. दिवसभर दुसऱ्यांचं वजन करतो. घरात माझं स्वतःचं वजन किती, हे बायकोला विचारा.

आणि लेक. लेकीला वनरक्षक व्हायचं होतं. समुद्रावरच्या माणसाची पोर आणि हट्ट जंगलाचा! मी म्हटलं, अगं तुला झाडांची नावं तरी येतात का? तिनं मला वीस झाडांची नावं सांगितली आणि मला त्यातली चार येत होती: आंबा, चिकू, नारळ, ताड. लेखी परीक्षा ती पास झाली. उरलं होतं धावणं. तीन किलोमीटर, ठरलेल्या वेळेच्या आत.

या धावण्यातच ती मागच्या भरतीत राहिली होती. अनवाणी धावली होती. मैदान मुरमाचं, दुसऱ्या फेरीत टाच फाटली, तशीच रक्ताचे ठसे उमटवत पुरी धावली, आणि थोडक्यात उशिरा पोचली. आता ती अनवाणी का धावली, तर निघताना घरातल्या एका शहाण्या माणसानं तिला सांगितलं होतं, “आपल्याला कसले बूट लागतात? आपला पाय हाच बूट.” तो शहाणा मीच. हे वाक्य मी तेव्हा चार जणांत दोनदा म्हटलं होतं, इतकं ते मला आवडलं होतं.

टाच भरून आल्यावर ती माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलली नाही. एका वाडीत चिकू निवडायच्या कामाला लागली. मोठा इकडे, मध्यम तिकडे, डागाळलेला बाजूला, असा पूर्ण हंगाम तिनं उभ्यानं काढला आणि त्यातून बूट आणले. तेही सहज मिळाले नाहीत. आमच्या पंख्यासारख्या पायाला दुकानातला प्रत्येक जोड अंगठ्याला किंवा करंगळीला धरायचा. शेवटी स्टेशनजवळच्या दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर, खोक्याचं झाकण हरवलेला एक जोड निघाला. राखाडी, बाजूला केशरी पट्टा, पुढून चांगला रुंद. दुकानदार म्हणाला, “हा शेवटचा. असा रुंद आता येत नाही.” चार महिने रोज धावून तिनं तो पायाच्या मापाचा करून घेतला होता.

ती धावायची ओहोटीला. पाणी मागे सरलं की वाळू ओली आणि घट्ट असते, पाय रुतत नाही. घड्याळ आमच्याकडे भिंतीवर आहे, पण वेळ समुद्र सांगतो. आज सहाला धावली तर उद्या सातच्या सुमारास. शेवटचा महिना ती मसोलीच्या बाजूला कच्च्या रस्त्यावरही धावायला लागली, म्हणजे मुरमाची सवय होईल. परत आली की बुटांत वाळू, खारं पाणी, चिखल आणि एक वास. आमच्या दारात सुके बोंबील असतात, सुकट असते, कधी जवळा पसरलेला असतो, आणि बायकोला त्या वासाचं काही नाही. पण बुटाचा वास आला की ती पदर नाकाला लावायची. “कसला हा घाण वास! शेजारीपाजारी काय म्हणतील?” शेजारी त्या वेळी आपल्या बोंबलांवरची माशी हाकत असायचे.

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं आणि खऱ्या लग्नांना सुरुवात झाली. लेकीची एक मैत्रीण कोसबाडची. तिच्या बहिणीच्या लग्नाला लेक दोन दिवस गेली. जाताना आईला म्हणाली, “बूट तसेच राहू देत, आल्यावर मी बघते.”

हे मी ऐकलं. ऐकलं आणि माझ्या मनात बापाची माया जागी झाली. माया जागी झाली की माणसानं थोडं पडून घ्यावं, ती आपोआप झोपते. पण त्या दिवशी मला सुट्टी होती.

मी ठरवलं, लेक येईपर्यंत बूट असे करून ठेवायचे की दुकानदारानं ओळखू नयेत. मोठ्या टपात पाणी भरलं, कपड्याची पावडर दोन मुठी टाकली आणि बूट बुडवले. बुडेनात, वर वीट ठेवली. दोन तास मुरू दिले, जसं आपण खारवलेली मासळी मुरू देतो. मग भांडी घासायच्या तारेच्या काथ्यानं घासले. केशरी पट्टा जरा फिका झाला, तेव्हा मला वाटलं, मळ निघाला. पाणी आमच्या विहिरीचं. किनाऱ्यावरच्या विहिरीला जसं असायचं तसं, मचूळ. चहा केला तर साखर जास्त लागते, असं.

आणि मग वाळवणं. इथे मात्र मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही, कारण वाळवणं ही आमच्या रक्तातली विद्या. आमच्या घरात एकच कायदा: कडक ऊन दाखवलं की वस्तू टिकते. बोंबील असो, जवळा असो, पापड असो, गादी असो. दारासमोर बांबूंवर दोरी बांधलेली असते. बोंबील त्यावर जोडीनं टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, एक दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे. मी एका बुटाची नाडी दुसऱ्याच्या नाडीला बांधली आणि बोंबलांच्या रांगेत, भर उन्हात, तो जोड टांगला. आतल्या गाद्या काढून जवळ्याच्या शेजारी चटईवर पसरल्या. दर दोन तासांनी उठून सगळं उलटत होतो. माझी आई असं निगुतीनं उलटायची.

शेजारच्या वहिनी पाणी घेऊन जाताना थांबल्या. “काय हो भावजी, ही कुठली मासळी?”

“पायबोंबील,” मी म्हटलं.

वहिनी इतक्या हसल्या की हंडा हिंदकळला. “लेकीचे बूट धुताय? पायातली वहाण पायातच बरी, असं म्हणायचे आमचे सासरे.”

“तुमच्या सासऱ्यांच्या पायात वहाण कधी होती?” मी विचारलं. मी फार खूश होतो. ‘पायबोंबील’ हा शब्द संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांच्या तोंडी झाला. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी बूट पुन्हा टांगून गेलो. पूर्ण दोन दिवसांचं ऊन दिलं. आमचा बोंबील दोन-तीन दिवसांत वाळतो, बुटालाही तेवढंच पुरेल, असा माझा हिशेब.

संध्याकाळी अच्छाडहून आलो तर लेक ओट्यावर बसलेली. बूट मांडीवर. मी मोटारसायकल लावतानाच म्हटलं, “कसे झालेत?”

तिनं उजवा बूट उचलून माझ्यासमोर धरला. वरचं कापड पापडासारखं कडक, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे. आणि पुढून तळवा सुटलेला. तिनं टाच दाबली की बूट तोंड उघडायचा, सोडली की मिटायचा. अगदी बोंबलासारखा आ वासलेला. डावाही बाजूनं सुटायला लागला होता. मी बुटाचं नाव ठेवलं होतं, आणि बुटानं ते मनावर घेतलं होतं.

“पप्पा,” ती म्हणाली, “धावायला दहा दिवस राहिलेत. तुम्ही काय केलंत हे?”

तुम्ही. मी तिथेच होडी आत घेतली.

बायको आतून म्हणाली, “मी यांना म्हटलं होतं.” काही म्हटलं नव्हतं. तिनंच एकदा जाताजाता बूट उलटले होते. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

“नवे घेऊ,” मी म्हटलं. “आत्ता जाऊ, दुकान उघडं असेल.”

“नवे दहा दिवसांत चावतील. लग्नातली गोष्ट तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? आणि असा रुंद मिळणार कुठे?” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे उठली, बूट ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि ओहोटी लागली होती म्हणून अनवाणीच किनाऱ्यावर धावायला गेली. मी तिच्या पाठमोऱ्या टाचांकडे बघत उभा राहिलो. उजव्या टाचेवर जुनी खूण होती, दिसते अजून.

त्या क्षणी मी ठरवलं. माझ्या एका वाक्यानं तिची एक भरती गेली. माझ्या दोन दिवसांच्या उन्हानं दुसरी जाता कामा नये. बूट नीट होणार, म्हणजे होणारच.

सकाळी स्टेशनजवळच्या चांभाराकडे गेलो. तो म्हणाला, “टाका मारून देतो, मरेपर्यंत सुटायचा नाही.” मी घरी फोन लावला. पलीकडून लेक म्हणाली, “टाका आतून पायाला टोचतो. नको सांगा.” फोन ठेवला. ‘सांगा.’ मी बूट पिशवीत घातले आणि अच्छाडला घेऊन गेलो.

आमच्या काट्याला लागूनच एक पंक्चरवाले काका आहेत. सीमेपलीकडचे, गुजरातेतले, वय साठीच्या पुढे, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि शिव्या शुद्ध हिंदी. ट्रकच्या टायरखाली त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्यापुढे मी पिशवी उलटी केली. त्यांनी बूट उचलला, तोंड उघडून आत बघितलं, वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

“आ शुं कर्युं, काटावाला भाई? उन्हात ठेवला?”

“दोन दिवस.”

“दोन दिवस!” त्यांनी कपाळाला हात लावला. “माझा टायर बघ. समोर ठेवलाय?” खरंच, त्यांचे सगळे टायर मागच्या शेडमध्ये अंधारात रचलेले होते. रोज बघत होतो, कधी विचारलं नव्हतं. “रबरला ऊन म्हणजे सावत्र आई. वरून गरम करते, आतून सोडवते. चिकटवलेला माल आहे हा, शिवलेला नाही. गोंद पिघळला, संपला. आणि हे पांढरं काय? मीठ लावलंस? लोणचं घालायचं होतं?”

मी पायबोंबलाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “मासळीतून पाणी जायला पाहिजे, म्हणून ऊन. बुटातून पाणी गेलं पाहिजे पण जीव राहिला पाहिजे. म्हणून वारा.”

मग त्यांनी मला काम शिकवलं. करून दिलं नाही, शिकवलं. म्हणाले, “बेटी तुझी, बूट तुझा, हात तुझा.” ट्रक येत होते, मी वजन करत होतो, पावती फाडत होतो आणि मधल्या वेळात त्यांच्या फळकुटावर बसून कानशीनं जुना गोंद खरवडत होतो. दोन्ही बाजू खरखरीत झाल्याशिवाय नवा गोंद धरत नाही. मग पंक्चरच्या ट्यूबमधलं नाही, पिवळ्या डब्यातलं सोल्युशन, पातळ, दोन्हीकडे. आणि मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड. बोट लावलं तर चिकटता कामा नये, तेव्हाच दोन्ही भाग एकमेकांवर दाबायचे. “ओलं दाबलं तर सुटणार. घाई करणार तर परत इकडेच येणार,” काका म्हणाले. “मग आत काही ठासून भर, वर वजन ठेव, एक दिवस हात लावू नको.”

वजन ठेवायला मला कुठे कमी? पण काट्यावर बूट ठेवून वर ट्रक चढवता येत नाही. घरी गेलो. बुटात काय ठासायचं, हे बायकोला सुचलं. तिनं लेकीचे जुने मोजे घेतले, त्यांत कोरडी वाळू भरली आणि गाठ मारली. दोन वाळूचे पाय तयार झाले. बुटांत नीट बसले, बोटांपर्यंत. चार महिने जी वाळू बुटाचं वाटोळं करत होती तीच कामाला लागली. वर ठेवायला जड काय, म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो, तर बायको आतून स्वतःच पाटा घेऊन आली. मसाला वाटायचा पाटा. तिच्या सासूकडून आलेला.

“यावर ठेवायचे बूट?” मी विचारलं.

“बुटांवर ठेवायचा पाटा,” ती म्हणाली. “गोणपाट घाला मध्ये. आणि नंतर तुम्हीच घासायचा, राखेनं. तोवर कालवणाचा मसाला मी मिक्सरमध्ये वाटते.”

मिक्सरच्या मसाल्याच्या कालवणाला ती आजवर माणसात धरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटा काढला. बंद तोंड! मी गल्लीत दाखवून आलो. लेक घालून धावायला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. डावा पक्का होता. उजवा पुढून नखभर उघडला होता.

“तुम्ही थांबला नव्हता ना?” ती म्हणाली. “काकांनी सांगितलं तेवढं?”

थांबलो नव्हतो. उजव्याच्या वेळी मीठ भरलेला एक ट्रक काट्यावर चढला होता, मागचा हॉर्न मारत होता, आणि मी बोट लावून न बघताच दाबला होता. पुन्हा अच्छाड, पुन्हा कानस. काकांनी मला बघून फक्त डबा पुढे सरकवला. या वेळी मी चार ट्रक तोलून होईपर्यंत सोल्युशन वाळू दिलं. बोट लावलं, नाही चिकटलं. पाचवा ट्रकही तोलला, आणि मगच दाबला. रात्रंदिवस पाट्याखाली ठेवला. ज्या दिवशी काढला त्या दिवशी मी गल्लीत दाखवायला गेलो नाही.

तळवा धरला. पण कापड अजून कडक होतं, मिठानं. ते मचूळ पाण्यानं जाणार नव्हतं, उलट वाढणार होतं. तलासरीच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी बोअरवेल आहे, पाणी गोड. तिथून येताना रोज मोटारसायकलला एक कॅन बांधून आणायला लागलो. बूट बुडवायचे नाहीत, तारेचा काथ्या नाही. आधी तळव्याला तळवा आपटून वाळू झाडायची, नाड्या आणि गाद्या वेगळ्या काढायच्या, साबणाचा थोडासा फेस, जुना दात घासायचा ब्रश, आणि गोड्या पाण्यानं पुसून घ्यायचं. मग आत वर्तमानपत्राचे बोळे. तासाभरानं ओले काढायचे, कोरडे घालायचे. अच्छाडच्या ढाब्यांवरून मला गुजराती पेपर फुकट मिळायचे, घरात मराठी होते. दोन्ही वापरून माझं मत झालंय की मराठी पेपर जास्त पाणी पितो. आणि ठेवायचे मागच्या पडवीत, सावलीत, जिथे समुद्राकडून वारा येतो आणि ऊन येत नाही. दोन दिवसांत कापड मऊ पडलं. गादीला पुन्हा तिच्या पायाचा आकार दिसायला लागला.

वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “भावजी, पायबोंबील आज आत? ऊन देत नाही?”

“मुरंबा घालतोय,” मी म्हटलं. थट्टा चालू राहिली तरी चालेल, पण बूट सावलीतच.

शेवटचे तीन दिवस लेक ते घालून मसोलीच्या कच्च्या रस्त्यावर धावली. मी रोज टोक दाबून बघायचो. ती रोज विचारायची, “झालं बघून तुमचं?”

धावायच्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. पालकांना कुंपणाच्या बाहेर उभं करतात. माझ्या खिशात कानस, जुना ब्रश आणि औषधाच्या छोट्या बाटलीत ओतून घेतलेलं पिवळ्या डब्यातलं सोल्युशन. फाटकावरच्या शिपायाला वास आला. त्यानं बाटली उघडून हुंगली आणि मला वरून खाली न्याहाळलं. “काका, या वयात? पोरीच्या भरतीला येताना तरी…” मी त्याला बुटाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला लागलो. माझ्या लग्नापर्यंत आलो तेव्हा त्यानं बाटली परत दिली आणि म्हणाला, “जा, तिकडे उभे राहा.”

मैदान मुरमाचं. सूर्य वर आला होता. मुलींची एक तुकडी उभी राहिली, छातीवर आकडे लावलेले. लेक मधल्या रांगेत होती. तिनं वाकून नाड्या पुन्हा बांधल्या, दुहेरी गाठ. शिट्टी झाली.

कुंपणाशी उभे असलेले सगळे आईबाप आपापल्या पोरीचं नाव घेऊन ओरडत होते. मी ओरडलो नाही. खरं सांगतो, मी लेकीचं तोंडही बघितलं नाही. सगळ्या फेऱ्या मी उजव्या बुटाचं टोक बघत होतो. पहिली फेरी, बंद. दुसरी फेरी आली. मागच्या वेळी टाच फाटली ती याच फेरीत. माझ्या बोटांना कुंपणाची तार रुतत होती. तिसरी, बंद. पुढे पुढे धुळीनं केशरी पट्टा दिसेना, तरी टोक दिसत होतं. ते उघडत नव्हतं, मिटत नव्हतं. जसं पाट्याखालून निघालं होतं तसंच. ती कितवी होती, किती जणी पुढे, किती मागे, मला काही ठाऊक नाही. शेवटची शिट्टी कधी झाली तेही कळलं नाही. बूट थांबले म्हणून मला कळलं की धावणं संपलं.

बराच वेळ त्या मुलींना आत बसवून ठेवलं होतं. मग एकेक बाहेर यायला लागल्या. कुणी रडत, कुणी फोन लावत. लेक लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले. मी पुढे झालो.

“उजवा सुटला का गं?”

“वेळेत आले मी, पप्पा. चांगली आधी आले. तिथे लिहून घेतलं. आणि तू बूट काय विचारतोस?”

मी म्हटलं, “काय म्हणालीस?”

“वेळेत आले म्हटलं.”

“त्याच्या पुढचं.”

“बहिरा झालास का?” ती म्हणाली, आणि तिथेच फाटकाजवळच्या दगडावर बसून नाड्या सोडायला लागली. बूट काढले, तळव्याला तळवा आपटला, मुरूम झाडला आणि जोड माझ्या हातात दिला. पिशवीतून चपला काढून पायात घातल्या. दोन्ही टाचा मी बघून घेतल्या. नवी खूण नव्हती.

डोक्यावर ऊन रणरणत होतं आणि मोटारसायकल लांब लावली होती. बूट आतून ओले, घामानं कोमट. मी खिशातला मोठा रुमाल काढला, तो बुटांवर पांघरला, आणि वरून हाताची सावली धरून चालायला लागलो.

चार पावलं गेल्यावर मागून आवाज आला, “पप्पा, मला पण ऊन लागतंय हां.”